आयटी मॅनेजमेंटचं पहिलं सेमिस्टर

आयटी मॅनेजमेंटच्या मास्टर्सला प्रवेश घेतलास, अभिनंदन! महापेत नोकरी, ठाण्याहून ये-जा आणि वर मास्टर्स म्हणजे ओढाताण होणारच. पण जमतं, मीही तसंच केलंय.

आधी कोडिंगचा माज बाजूला ठेव. इथे 'सर्व्हर कसा चालतो' हे कुणी विचारत नाही, 'त्यावर पैसे का घालायचे' हे विचारतात. म्हणून पहिले दोन महिने फायनान्सला दे. पाच वर्षांनी मिळणारे १० लाख, वर्षाला १० टक्के व्याजदर धरला तर आज जेमतेम ६.२१ लाख भरतात. हे गणित वहीत, हाताने कर, एक्सेल नंतर. मी टाळलं होतं, पहिल्याच प्रेझेंटेशनला बोलती बंद झाली.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- आयटिल (आयटी सेवा कशा चालवायच्या), कोबिट (आयटीवर देखरेख कशी ठेवायची), पीएमबॉक (प्रोजेक्ट कसे सांभाळायचे) या तिन्ही मार्गदर्शिका एकदम उघडतात. एकट्या आयटिल ४ मध्ये ३४ प्रॅक्टिसेस, म्हणजे कामाच्या पद्धती, आहेत! सध्या इन्सिडंट (बिघडलेली सेवा परत सुरू करणं) आणि चेंज (सिस्टीममधले बदल सांभाळून करणं) एवढंच बघ.
- प्रोजेक्टचा विषय लटकवत ठेवतात. ऑफिसमधलाच घे, पण मॅनेजरची लेखी परवानगी आधी.

ट्रान्स-हार्बरच्या लोकलला ठाण्याहून घणसोलीपर्यंत बसायला मिळालं तर एक छोटी केस स्टडी वाचून होते. सकाळी मिळत नाही म्हणा, संध्याकाळी बघ.