पावसाच्या लोंढ्याबरोबर येणाऱ्या गाळाने मुळशीतील आमच्या शेतातील तळे भरू नये म्हणून काय करावे?

मुळशीच्या उतारावरील आपल्या तळ्यात ओढ्याचा गाळ येऊ द्यायचा नसेल, तर ओढा तळ्याला मिळतो त्याच्या थोडे अलीकडे एक रुंद गाळकुंड खोदावे आणि त्याच्या सांडव्यावर दगड रचावेत. पाण्याचा वेग मंदावला की जड कण आधी बसतात: ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात १ मीटर खाली जायला साधारण २ मिनिटे घेतो, ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला मात्र ३ दिवसांच्या आसपास लागतात, आणि जुलैतला तांबडा लोंढा कुंडात तितका वेळ थांबत नाही. म्हणजे कुंडाने वाळू आणि मुरूम अडेल, गढूळपणा अडणार नाही. त्यासाठी वरच्या उतारावर समपातळीत चर खणून वाळ्याच्या दाट ओळी लावाव्या लागतील. पुण्यातील पाषाण तलाव गाळाने उथळ झाला, त्यामागे राम नदीच्या पाणलोटातील उघड्या पडलेल्या टेकड्याही आहेत. कुंड दर उन्हाळ्यात उपसावेच लागते. निघालेली माती शेतात पसरावी. काठावर ढीग घातल्यास पहिल्याच वळवाने ती पुन्हा आत जाते.