सोलापुरात राहून ऑल-माउंटन स्की विकत घ्यावी का, आणि घ्यायची तर 96 मिमी की 106?

तुम्ही लिहिलंय की गुलमर्ग आणि औली दोन्हीकडं जाता, परवडणार एकच जोडी आहे, सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणारी म्हणजे ऑल-माउंटन, ती व्होल्कल मंत्रा 96 ची घेऊ की सॉलोमन क्यूएसटी 106 ची (आकडा म्हणजे स्कीची पायाखालची रुंदी, मिलिमीटरमध्ये), आणि सोलापुरात राहून हे विकत घेणं शहाणपणाचं आहे का. मी पण सोलापूरचाच. अक्कलकोट रोडला आमचं टॉवेलचं काम आहे. तुम्ही ज्या वळणावर उभे आहात तिथं मी चुकीचा हात धरून 112 मिमी घेतली होती, म्हणून हे लिहायला बसलो.

96 घ्या.

आता कारण. गुलमर्ग म्हटलं की प्रत्येक जण पावडर पावडर करतो, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ. खोटं नाही ते, पडायला लागलं की गुडघ्याच्या वर पडतं, आणि गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यानं अफरवटच्या डोंगरावर साधारण 3950 मीटरवर उतरून ताज्या बर्फात पहिली रेघ मारायला मिळाली तर माणूस वर्षभर तेच आठवत बसतो. पण तो बर्फ आपल्या वाट्याला येतो कधी? चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरातली ऐन कडाक्याची थंडी, 21 डिसेंबरला सुरू होते, चाळीस दिवस. बरोबर त्याच्या मधे आपली सिद्धेश्वरची यात्रा, गड्डा. आमच्या घरात गड्डा सोडून कोणी गावाबाहेर जात नाही, वडील बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर चालतात, अक्षता सोहळ्याला घरात पाय ठेवायला जागा नसते, त्यानंतर राहिलेल्या ऑर्डरी काढायच्या, की माझं गुलमर्ग थेट फेब्रुवारीच्या शेवटी. तुमचंही असंच असणार बघा. तेव्हाचा बर्फ म्हणजे सकाळी दगड, दुपारी उन्हानं घट्ट पिठल्यासारखा पायाला धरणारा, वर डोंगराच्या धारेवर वाऱ्यानं कडक पापुद्रा धरलेला, आणि झाडीत सावलीला कुठंतरी अजून मऊ. एकाच दिवसात हे सगळं भेटतं.

हे मला कळायच्या आधी माझ्या दाजींनी मला स्की घ्यायला लावली. दाजी पुण्याला असतात, माझ्या आधीपासून स्की करतात, औलीच्या 14 दिवसांच्या कोर्सला त्यांनीच मला घातलं, ते उपकार मी विसरत नाही. पण त्यांचं एकच, "गुलमर्गला जायचंय ना, मग रुंद घे, बुडणार नाहीस." परदेशातून येणाऱ्या एका मित्राच्या हातून 112 मिमीची मागवली, पुढं मागं दोन्हीकडं भरपूर रॉकर, म्हणजे टोकं वर उचललेली. दिसायला इतकी देखणी की आठ दिवस हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवली होती.

फेब्रुवारीचा शेवट, पाच दिवस आभाळातून काही पडलेलं नाही. सकाळच्या पहिल्या केबिननं कोंगडोरीला, गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो तिथं, गेलो आणि तिथून खाली गुलमर्गकडं निघालो. आदल्या दुपारी लोकांनी ओल्या बर्फात पाडलेल्या चाकोऱ्या रात्रीत जशाच्या तशा गोठलेल्या. पहिलं वळण कसंबसं झालं. दुसऱ्या वळणाला डाव्या पायावर भार टाकला तर स्की खर्र आवाज करत बाजूला सरकायला लागली, एज (स्कीच्या कडेची धातूची पट्टी) धरतच नाही, घोटा आतून थरथरतोय, आणि मी कमरेवर आपटून वीसेक मीटर घसरत गेलो. बूट स्कीला धरून ठेवणारं एक बाइंडिंग सुटलं, दुसरं नाही. मागून एक वयस्कर काश्मिरी इन्स्ट्रक्टर त्यांच्या पोरांना घेऊन येत होते, ते थांबले. काही न बोलता माझी सुटलेली स्की उलटी केली आणि अंगठ्याचं नख एजवर आडवं ओढलं. धार असेल तर नखाचा बारीक भुगा निघतो. माझ्या एजवर काहीच निघालं नाही.

संध्याकाळी त्यांच्या खोलीवर बोलावून त्यांनी कानशीनं दोन्ही स्कीच्या एज घासून दिल्या, मी टॉर्च धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच उतार. आधी माझी धार लावलेली 112, आणि परत वर जाऊन त्यांची जुनी, टोकाला रंग उडालेली 88 मिमीची. स्क्रूड्रायव्हरनं त्यांनी बाइंडिंगची टाच माझ्या बुटाच्या मापावर सरकवली, माझं वजन विचारून रिलीजचा नंबर (किती जोरानं बाइंडिंग सुटावं तो) खाली घेतला, आणि म्हणाले जाइए. धार लावलेली 112 कालच्यापेक्षा बरी होती, पण प्रत्येक वळणाला तिला आडवी करायला मला गुडघ्यानं ढकलावं लागत होतं. 88 वर मी नुसता घोटा वळवला आणि ती रुळावर बसल्यासारखी गेली. खाली येऊन मी त्यांचे दोन्ही हात धरले, बोलायला काही सुचेना.

दाजी आजही प्रत्येक लग्नात, बारशात हेच म्हणतात की "धार नव्हती म्हणून पडलास, स्कीचा दोष नाही." दाजी, धार लावून दुसऱ्या दिवशी परत बघितलं होतं, दहा वेळा सांगितलंय. साधा हिशोब आहे. 112 ची एज बुटाच्या मध्यापासून 56 मिमी लांब, 88 ची 44. कडक बर्फावर स्की फक्त त्या एका एजवर उभी असते, म्हणजे तो सगळा दाब बुटाच्या मध्यापासून तेवढा बाहेर येतो आणि स्की पुन्हा सपाट व्हायला बघते. तिला तिरपी धरून ठेवायचं काम मग घोट्याचं आणि गुडघ्याचं. मऊ बर्फात स्की अख्खी आत बसते, खालून सगळीकडून आधार असतो, म्हणून तिथं हे जाणवत नाही. त्यात रॉकर जास्त, म्हणून कडक बर्फाला एजची लांबीच कमी टेकते. ऑल-माउंटन म्हणून विकतात त्यात 85 पासून 105 च्या पुढंपर्यंत सगळं घालतात, नावावर जाऊ नका, पायाखालची रुंदी आणि कॅम्बर (स्कीचा मधला भाग वर उचललेला असतो ती कमान) बघा. पायाखाली कॅम्बर, पुढं थोडा रॉकर, मागं त्याहून कमी, हे आपल्या कामाचं.

औलीला तर 106 कशाला लागते तेच मला कळत नाही. 2011 च्या साऊथ एशियन विंटर गेम्स झालेला तो उतार, दाबलेला बर्फ, तिथं रुंद स्की म्हणजे नुसतं ओझं. आणि जानेवारी 2023 मध्ये जोशीमठला जमीन खचली तेव्हा रोपवे बंद पडला, तेव्हापासून मी स्की जीपच्या टपावर बांधून वर नेलीय, ओझं म्हणजे काय ते खांद्याला माहीत आहे.

विकत घेणं शहाणपणाचं आहे का, तर हो. दाजींचं इथं दुसरं मत आहे, भाड्यानं घे म्हणतात, पण भाड्याच्या स्कीची धार कोण बघतंय? माझी आताची 96 ची जोडी मी स्वतः सांभाळतो. सीझन संपला की पुसून कोरडी करायची, बेसवर (स्कीच्या तळावर) आणि एजवर वॅक्सचा जाड थर द्यायचा आणि पुढच्या सीझनपर्यंत खरवडायचा नाही, नाहीतर पावसाळ्यात एज गंजते. पत्र्याखाली किंवा माळ्यावर ठेवू नका, आपल्याकडं मे महिन्यात तिथं भट्टी असते. आतल्या खोलीत, आपल्याच जाड चादरीत गुंडाळून उभी ठेवायची. वॅक्स खरवडायची पट्टी मी गाडीच्या नंबरप्लेट करणाऱ्याकडून अॅक्रिलिकची कापून आणली, पाच वर्षं तीच चालू आहे. वॅक्स वितळवायला वाफेची इस्त्री वापरू नका, भोकांत वॅक्स जातं. 174 सेंटीमीटरची बॅग कर्नाटक एक्स्प्रेसच्या खालच्या बर्थखाली मी तिरकी सरकवतो, दिल्लीपर्यंत काही होत नाही, पुढं श्रीनगरला विमान.

आता थोडं मंत्राबद्दल, कारण विचारलंय तुम्ही. तिच्यात कडेनं टायटॅनल, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा, आहे, म्हणून चाकोऱ्यांवर हादरत नाही, पण कडक आहे, वेग आणि पायाचा दाब मागते. पॅरलल टर्न, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं, नुकतेच जमायला लागले असतील तर ती तुम्हाला दमवेल. मग त्याच क्यूएसटीची जुनी 98 वाली मिळाली तर बघा, सोपी जाते. स्कीची लांबी, उभी धरली तर, नाकापासून कपाळापर्यंत कुठंही. आणि स्कीच्या आधी बूट घ्या, हे खरं तर सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं. पाय सेंटीमीटरमध्ये मोजून घट्ट बूट घ्या. बूट ढिला असेल तर 96 काय आणि 88 काय, घोटा वळला तरी स्की वळत नाही.

हे सगळं मी 72 किलोचा आहे म्हणून बोलतोय. तुम्ही नव्वदच्या पुढं असाल आणि जानेवारीत ऐन बर्फात वर जायला मिळत असेल तर 106 चं गणित जमू शकतं, तेवढ्यापुरतं दाजींचं खरं आहे. पण अफरवटला ठरलेली हद्द सोडून जाणार असाल तर रुंदीचा विचार नंतर, आधी ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि तिथला गाइड. त्या बाजूला हिमस्खलनात माणसं गेलेली आहेत.

माझी 112 अजून घरात पडून आहे. तिचं बाइंडिंग मागंपुढं सरकतं, तुमच्या बुटाच्या सोलची लांबी 300 ते 320 मिमीच्या मधे असेल तर बसेल. नवीन विकत घ्यायच्या आधी ती गुलमर्गला घेऊन जा, सकाळच्या पहिल्या केबिननं कोंगडोरीला चढा, धार मी लावून देतो. सोलची लांबी तेवढी कळवा.