दादाला आजच फोन कर

ताई,
मी ४३ वर्षांची, चाळीसगावला असते. तीन वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला. रोज रात्री ड्रॉप टाकते. यजमान समजूतदार आहेत, पण ‘ड्रॉप टाकला ना, मग झालं’ यापलीकडे त्यांना काही उमगत नाही. माहेरी सांगितलेलं नाही, उगाच काळजी करतील. आखाजीला गेले तेव्हा बोलणारच होते, पण पंगतीत दादाचा हात लागून शेजारचा तांब्या कलंडला, आमरसात पाणीच पाणी. सगळे हसत सुटले आणि विषय राहून गेला. दादा हल्ली अंधाराच्या आत शेतातून घरी येतो, म्हणून वहिनी त्याला ‘म्हातारबा’ म्हणते. हाच आजार असलेलं कुणीतरी बोलायला हवंय. कुठे शोधू?

अगं, हसलीस? तीन वर्षं काचबिंदू अंगावर बाळगतेस, यात बाजूचं दिसणं आधी जातं हे तुला पाठ असणार, आणि सख्ख्या भावाला शेजारचा तांब्या दिसला नाही तेव्हा तूही हसलीस?

तुला निदान झालं त्याच दिवशी तुझ्या भावंडांचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी वाढलेला होता. तो निरोप तू तीन वर्षं दाबून ठेवलास आणि त्याला नाव दिलंस काळजी नको. मला राग आलाय. या आजारात डोळ्याची नस खराब होते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. दादाला काचबिंदूच आहे असं मी म्हणत नाही. मोतीबिंदू असेल, नाहीतर नुसता धांदरट असेल. पण ते डॉक्टरांना सांगू दे, वहिनीला नको.

आज रात्री ड्रॉप टाकायच्या आधी त्याला फोन लाव. ‘काय व्हयनं बाई?’ म्हणून घाबरेल. घाबरू दे. जळगाव किंवा धुळे, जिथे फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूचं किती दिसतं ती तपासणी, होते तिथे त्याला घेऊन जा, तू स्वतः. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून भागणार नाही. नुसतं डोळ्यातलं प्रेशर मोजूनही नाही, कारण प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू असतो. बाहुली मोठी करून नस बघायला सांग. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा येताना मोटरसायकल त्याच्या हातात देऊ नकोस.

आणि तो आत फील्ड टेस्टला बसला की तू बाहेर बाकावर बस. हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून त्या पांढऱ्या वाटीत बघत राहायचं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. दिसला की भास झाला तेच कळेनासं होतं, आपण नापास झालो असं वाटत राहतं. यजमानांना हे जन्मभर समजावलंस तरी कळायचं नाही. त्या बाकावरच्या बहुतेकांना अर्ध्या वाक्यात कळेल. तीन वर्षं त्याच बाकावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलीस आणि मला विचारतेस, कुठे शोधू! शेजारच्या बाईला विचार, कोणता ड्रॉप चालू आहे, आपल्याकडच्या मे महिन्यात बाटली कुठे ठेवता, एसटीच्या प्रवासात काय करता. निघताना तिचा नंबर घे.

आई असेल तर तिलाही त्याच दिवशी तपासून आण.