मुलगा हळवा आहे, फौजेत टिकेल का?

प्रश्न : आम्ही सोलापूरला अशोक चौकाजवळ राहतो. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मी घरी विड्या वळते. मुलगा १८ वर्षांचा, बारावी झालाय, अग्निवीर भरतीची तयारी करतोय. मागच्या भरतीत धावण्यात थोडक्यात राहिला. घरी येऊन रडला, दोन दिवस नीट जेवला नाही. माझे चुलत सासरे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणतात, 'असलं हळवं पोरगं पलटणीत टिकत नाही.' जवानांच्या आत्महत्येच्या बातम्या वाचल्या की मला झोप लागत नाही. त्याला अडवू का?

उत्तर :

ताई, अडवू नका. हरल्यावर रडू येणं आणि मन कच्चं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षभर पहाटे उठून धावलेल्या पोराला चार-दोन सेकंदांनी संधी गेल्यावर रडू येणारच. मला काळजी वाटली असती ती तो हसत घरी येऊन पुन्हा कधीच मैदानावर गेला नसता तर.

मनाच्या कणखरपणावर बराच अभ्यास झालाय. सुझान कोबासा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतले अधिकारी तपासले. ताण सगळ्यांनाच भरपूर होता, तरी काही जण आजारी पडत होते आणि काही ठणठणीत होते. ठणठणीत राहणाऱ्यांत तीन गोष्टी दिसल्या. हातातल्या कामात त्यांचा जीव होता. आपण काही केलं तर फरक पडतो, असं त्यांना वाटायचं. आणि अचानक काही बदललं तर ते त्यातून शिकायला बघायचे. यात 'रडू नये' असं कुठेच नाही. शिवाय हे सगळं सवयीने अंगी येतं.

पुढे पॉल बार्टोन या मानसशास्त्रज्ञांनी हेच अमेरिकन सैन्यात तपासलं. डिसेंबर १९८५ मध्ये कॅनडातल्या गँडरला विमान कोसळून २४८ अमेरिकन सैनिक गेले. त्यांच्या घरच्यांना आधार द्यायचं काम ज्या अधिकाऱ्यांकडे आलं, त्यांच्या तब्येतीवर त्याचा परिणाम होत होता. ज्यांचं मन कणखर होतं आणि ज्यांना सोबतच्या माणसांचा आधार होता, ते त्यातून बरे निभावले. म्हणजे एकट्याच्या कणखरपणाइतकीच सोबतही महत्त्वाची.

ही सोबत कशी असते ते मी आपल्याकडेच पाहिलंय. मी पहाटे विजापूर रोडला सोरेगावच्या बाजूला फिरायला जातो. भरतीची पोरं अंधारात धावत असतात. एकदा एकजण रस्त्याच्या कडेला ओकत बसला होता. त्याच्याबरोबरचा थांबला, बाटली दिली, पाठीवर हात ठेवला, घड्याळ बंद केलं. स्वतःची वेळ गेली त्याची. पलटणीत सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, दहा जणांची असते, आणि जोडीदाराला 'बडी' म्हणतात. गोळीबारात माणूस टिकतो तो या जोडीदारासाठी. तुमचा मुलगा एकटा धावत असेल तर आधी त्याला अशा एखाद्या गटात घाला. कॉलेजला प्रवेश घेतला आणि तिथे एनसीसी असेल तर तीही घ्यावी. कॅम्पमध्ये दहा जणांत राहायची सवय होते, प्रमाणपत्राचे भरतीत गुणही मिळतात.

या एकीची दुसरी बाजूही सांगतो. गट जितका घट्ट, तितकी 'मला त्रास होतोय' म्हणायची लाज जास्त. अग्निवीरांत तर चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, म्हणजे जोडीदाराशीच स्पर्धा. माझ्या मते हा ताण मोठा आहे. म्हणून भरतीआधीच त्याच्याशी ठरवून ठेवा, की चार वर्षांनी बाहेर आला तर काय करायचं. पदवी बाहेरून चालू ठेवता येते. पुढची वाट दिसत असेल तर तो जोडीदाराकडे जोडीदार म्हणूनच बघेल.

आता घरचं. रात्री त्याला वहीत दोन ओळी लिहायला सांगा : आज काय बिनसलं, आणि त्यातलं उद्या माझ्या हातात काय आहे. 'नशीबच फुटकं' असं लिहिलं तर खोडायला लावू नका, फक्त खाली शेवटच्या फेरीची वेळ लिहायला सांगा. तो भरती झाल्यावर फोनवर रोज घरचं रडगाणं नको, आणि 'सगळं ठीक आहे' असं खोटंही नको. जमिनीचा वाद, आजारपण, कर्ज, हे लांबून ऐकून जवान फार तळमळतो, कारण त्याला काहीच करता येत नाही. अडचण सांगाल तेव्हा ती निस्तरायला इथे कोण धावतंय तेही त्याच फोनवर सांगा.

दोन दिवसांचं दुःख हे दुःखच. पण दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगण्यात अर्थ नाही असं तो बोलू लागला, तर थांबू नका. सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे, तिथे न्या. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फौजेतल्या लोकांसाठी डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा वेगळा कक्ष आहे. १४४१६ हा नंबर मुलाच्या मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा.

आणि एक करा. चुलत सासऱ्यांना निवांत वेळी चहाला बोलवा, त्यांचा बडी कोण होता ते विचारा. सर्वांत वाईट रात्र कोणती गेली आणि तेव्हा शेजारी कोण होतं, तेही विचारा. मुलाला जवळ बसू द्या.