दारावरचं १९३१ नेमकं कुठलं?

प्रश्न : आमचं धाब्याचं घर गल्लीतलं सगळ्यांत जुनं मानतात. गणेशपट्टीवर ‘सं. १९३१ वैशाख शु. ३’ कोरलंय. पण आत्या म्हणते, आजोबा १९२४ मध्ये याच घरात जन्मले. साल चुकलंय का? लग्नाआधी चौकट घासून पॉलिश करायची आहे.
– एक वाचक, एरंडोल

उत्तर : आधी पॉलिश थांबवा. पॉलिश पेपरनं उथळ कोरीव अक्षरं कायमची जातात. मऊ ब्रशनं धूळ काढा, रात्री बॅटरी एका बाजूनं तिरपी धरून फोटो घ्या. मग पातळ कागद लावून पेन्सिल आडवी फिरवा, ठसा उमटेल.

आत्याबाईंचं बरोबर आहे आणि सालही. ‘सं.’ म्हणजे इथे सन नव्हे, संवत. खानदेशातल्या गुजराती-मारवाडी पेढ्यांच्या वह्या विक्रम संवतात असत. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे आपली आखाजी, साडेतीन मुहूर्तांतली. वर्ष चैत्रात बदलणाऱ्यांच्या हिशेबानं ५७ वजा करून १८७४ येतं; गुजराती वर्ष कार्तिकात बदलतं, त्यानुसार वैशाखात ५६ वजा होऊन १८७५. रंगाखाली वारही कोरलेला सापडला, तर जुन्या पंचांगाशी ताडून दोन्हींतलं एक साल पक्कं होईल. शके असतं तर ७८ मिळवावे लागले असते.

मात्र हे वय चौकटीचं, घराचं असेलच असं नाही. जुनं सागवान उतरवून नव्या घराला लावायची रीत सगळीकडे होती. चौकटीत विनाकामाच्या खाचा किंवा बुजवलेली भोकं दिसली, तर ती दुसरीकडून आलेली असू शकते. उंबऱ्याची टोकं भिंतीत मूळच्या पांढऱ्या मातीतच बसली आहेत की भोवती नंतरचा चुना-सिमेंट आहे, तेही पाहा. हे बघितल्याशिवाय कुणालाही साल सांगू नका.

कागदांचं म्हणाल तर मिळकत पत्रिकेवर थांबू नका; ती नगर भूमापनापासूनची (सिटी सर्व्हेपासूनची). त्या वेळची चौकशी नोंदवही भूमी अभिलेख कार्यालयात मागा, मालकी कशी आली ते त्यात लिहिलेलं असतं. शेजाऱ्यांची जुनी खरेदीखतं मिळाली तर चतुःसीमेत, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दींच्या वर्णनात, तुमच्या पूर्वजांचं नाव शोधा, बऱ्याचदा स्वतःच्या कागदापेक्षा तेच आधी सापडतं. आणि १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मुख्य ठिकाण धुळे. त्यामुळे त्याआधीच्या कागदांसाठी जळगावबरोबर धुळ्यातही चौकशी करा. मोडी कागद निघाला, तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहेच.