खेळाडू आखलेली कथा सोडून भलतीकडेच जातात, तेव्हा डीएमने (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने) काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार खेळाडू, डी अँड डीची (‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून कथा रचण्याच्या खेळाची) पाचवी आवृत्ती, तिसऱ्याच सेशनला (खेळाच्या बैठकीला) पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटाने, मुख्य कथा वाऱ्यावर सोडली. अडवलं की खेळाडू नाराज होतात, मोकळं सोडलं की तासभर नुसता खल चालतो आणि काहीच घडत नाही.

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुमची तयारी प्रसंगांची आहे, परिस्थितीची नाही. तुमची वही उघडा आणि ज्या वाक्यांचा कर्ता ‘पार्टी’ आहे अशी सगळी वाक्यं खोडा. ‘पार्टी रात्री किल्ल्यात शिरते’, ‘पार्टी कारभाऱ्याचा पाठलाग करते’ हे ठरवणं खेळाडूंचं काम आहे. उरतील ती माणसं, त्यांचे हेतू, जागा आणि वेळ. डीएमची तयारी ती हीच.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. नदीकाठी खालच्या अंगाला एक गाव, वर धरण, बाजूला किल्ला. किल्ल्याच्या कारभाऱ्याला गावाची जमीन हवी आहे, म्हणून ऐन पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडून गाव बुडवायचा त्याचा बेत आहे. पार्टी आलीच नाही तर काय होईल, ते सहा पायऱ्यांत लिहा. धरणाचा राखणदार बेपत्ता होतो. गावातलं धान्य चढ्या भावाने विकत घेऊन किल्ल्यावर हलवलं जातं. नावाड्यांच्या होड्या कुणीतरी विकत घेतं. एका रात्री नदी विनाकारण हातभर चढते. घाटरस्त्यावर शिपाई बसतात. दरवाजे उघडतात. ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळात अशा गोष्टींसाठी वर्तुळ काढून त्याचे ४, ६ किंवा ८ भाग करतात आणि एकेक भाग रंगवत जातात. त्याला क्लॉक म्हणतात, आणि ते कुठल्याही सिस्टिममध्ये चालतं.

यात दोन गोष्टी चुकतात. पहिली म्हणजे क्लॉक पडद्याआड फिरत राहतं. खेळाडूंना दिसेल किंवा ऐकू येईल असं काही प्रत्येक पायरीवर हवंच, नाहीतर गाव बुडाल्यावर त्यांना ते आभाळातून कोसळल्यासारखं वाटेल. पार्टी चाच्यांमागे समुद्राकडे गेली तर जाऊ द्या, पण बंदरावर त्यांना धान्याचे भाव दुप्पट झालेले दिसू देत, आणि खानावळीत एखादा नावाडी होडी विकून आलेला भेटू दे. पुढचं त्यांनी ठरवायचं. दुसरी चूक म्हणजे पार्टी जवळ आली की घाईने भाग रंगवणं आणि लांब गेली की क्लॉक थांबवून ठेवणं. खेळातले तीन दिवस म्हणजे एक भाग, असं काहीतरी आधीच ठरवा आणि त्याला चिकटून राहा. खेळाडूंच्या यशस्वी कृतीने भाग पुसलेही गेले पाहिजेत.

आता क्लूंबद्दल (रहस्य उलगडणाऱ्या धाग्यादोऱ्यांबद्दल), कारण बहुतेक रेलरोडिंग, म्हणजे खेळाडूंना ठरलेल्याच वाटेने ढकलणं, इथून सुरू होतं. क्लू हुकला, कथा अडली, मग डीएम पार्टीला हाताला धरून पुढे नेतो. प्रत्येक महत्त्वाच्या निष्कर्षासाठी तीन क्लू ठेवावेत ही सूचना तुम्ही ऐकली असेल. ती चांगली आहे, पण तिन्ही क्लू फाशांमागे लपवले तर अपुरी पडते. डीसी (यशासाठी गाठायचा आकडा) १५ आणि कॅरेक्टरचा, म्हणजे खेळाडूच्या पात्राचा, बोनस +३ असेल तर डी२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) १२ किंवा त्याहून जास्त लागतात, म्हणजे यशाची शक्यता ४५ टक्के. प्रत्येक क्लूला एकच प्रयत्न धरला तर तिन्ही हुकण्याची शक्यता ०.५५ चा घन, म्हणजे जवळपास १७ टक्के. असे सहा निष्कर्ष असतील तर त्यातला सरासरी एक अडेल असं धरून चाला. म्हणून तिन्हींतला एक तरी क्लू रोलशिवाय, म्हणजे फासा न टाकता, मिळावा. आपल्या उदाहरणात, राखणदाराच्या बायकोकडे किल्ल्याची मोहर असलेली थैली आहे आणि कुणी आपुलकीने विचारलं तर ती दाखवते. कोठाराच्या हिशेबवह्यांसाठी मात्र रोल मागा. तिन्ही क्लू वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या प्रकारचे असू देत: एक माणसाकडून, एक वस्तूतून, एक जागेतून.

जोडीला हेही पाळा: ज्या रोलचं अपयश तुम्हाला परवडणार नाही, तो रोल मागूच नका. एक-दोन अंकांनी हुकलेल्या रोलला ‘यश मिळालं, पण किंमत मोजून’ असं धरायची सोय २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येच पर्याय म्हणून आहे. कुलूप उघडतं, पण पहारेकऱ्याला आवाज जातो. खेळ पुढे सरकतो आणि फाशाचा मानही राहतो.

डावा रस्ता घ्या नाहीतर उजवा, तोच राक्षस भेटणार, ही युक्ती खूप डीएम वापरतात. माझं मत स्पष्ट आहे. खेळाडूंनी दोन रस्त्यांची चौकशी केली, एकावर राक्षस आहे असं कळलं आणि म्हणून दुसरा निवडला, तर राक्षस तिथे हलवणं ही फसवणूक आहे. काहीच माहिती नसताना त्यांनी नुसताच ‘उजवीकडे’ म्हटलं असेल, तर हलवल्याने त्यांचं काही हिरावलं जात नाही. पण मग ती निवडही पोकळच होती. त्यावर उपाय म्हणजे निवडीआधी माहिती देणं: डावीकडून वेळ अर्धा लागतो पण पायांचे मोठे ठसे आहेत, उजवीकडे वाट सुरक्षित पण शिपायांची चौकी आहे. आपण काय सोडतोय हे खेळाडूला कळलं की निवडीला वजन येतं.

खलनायकाच्या बाबतीत ‘तो निसटतो’ असं वहीत कधीच लिहू नका. १९८४ मध्ये आलेल्या, ट्रेसी हिकमन यांनी लिहिलेल्या ड्रॅगनलान्स या डी अँड डी मालिकेच्या पहिल्या मॉड्यूलमध्ये (तयार छापील साहसात) महत्त्वाच्या पात्रांचं मरण संदिग्ध ठेवा, म्हणजे त्यांना पुढे परत आणता येईल, अशी सोय होती. ठरलेली कथा वाचवायची तर असे टेकू लागतातच. त्याच हिकमन यांनी लॉरा हिकमन यांच्यासोबत १९८३ मध्ये केलेल्या रेवनलॉफ्ट या मॉड्यूलमध्ये वेगळी वाट दिसते. तिथे खलनायक आणि त्याचा किल्ला पक्का असतो, पण त्याचा हेतू काय, तो कुठे गाठ पडेल आणि महत्त्वाच्या वस्तू कुठे आहेत, हे पत्ते ठरवतात. त्यामुळे डीएमलाही वाट आधी ठाऊक नसते आणि तरी कथा घट्ट राहते. मला ही रचना फार मोलाची वाटते. कारभाऱ्याला पार्टीसमोर आणायचं तर तो त्याच क्षणी मरू शकतो हे मान्य करूनच आणा, आणि त्याच्यामागे बेत पुढे नेणारा कुणीतरी तयार ठेवा. त्याचा भाऊ, किंवा जमिनीवर पैसे लावलेला सावकार.

‘मोकळं सोडलं की काहीच घडत नाही’ याचं कारण बहुधा ‘आता काय करता?’ हा उघडा प्रश्न. त्याऐवजी समोर तीन ठोस धागे ठेवा, त्यातल्या निदान एकाला मुदत असू दे, आणि चौथं काही सुचलं तर तेही चालेल असं सांगा. चर्चा दहा मिनिटांपुढे गेली की जगाला हलू द्या: दार वाजतं, निरोप येतो, पाऊस वाढतो. सारखा एकच जण ठरवत असेल तर गप्प बसलेल्या खेळाडूला त्याच्या कॅरेक्टरच्या नावाने थेट विचारा.

आणि सेशनच्या शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा: ‘पुढच्या वेळी कुठे जायचं ठरतंय?’ उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका. मग तेवढीच तयारी करा. चार तासांच्या सेशनला एक कागद पुरतो. त्यावर सुरुवातीचा एक प्रसंग, तीन जागा, चार-पाच एनपीसींना (डीएम चालवतो त्या पात्रांना) काय हवंय ते, क्लॉकची पुढची पायरी आणि अजून कुणाला न दिलेली दहा नावं. नावं आधी लिहून ठेवाच, कारण आयत्या वेळी नाव शोधत अडखळलात की हे पात्र तयारीतलं नव्हतं हे खेळाडूंना लगेच कळतं आणि ते तिथून काढता पाय घेतात.

आधी लिहिलेली कथा फेकायची गरज नाही. तिच्यातली माणसं, जागा आणि वैरं उचला आणि क्लॉकमध्ये बसवा. पार्टी सध्या जिथे भरकटली आहे, तिथेच त्यातला एक माणूस पुढच्या सेशनला कामानिमित्त येऊन उभा राहू दे.