जुना सीआरओ घ्यावा काय?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी माझे अ‍ॅम्प्लिफायर, इन्व्हर्टर आणि पंपांचे स्टार्टर दुरुस्त करण्याचे दुकान आहे. एका तंत्रनिकेतनाच्या लिलावात भंगारवाल्याने उचललेला २० मेगाहर्ट्‌झचा ड्युअल ट्रेस (एकदम दोन लाटा दाखवणारा) सीआरओ, म्हणजे विजेच्या लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारे यंत्र, तो मला साडेतीन हजारांना देऊ करतो. पहिल्या चॅनलची रेघ दिसते, पण दार लोटून अंधार केला तरच. दुसऱ्या चॅनलवर काहीच येत नाही. आजवर मी मल्टिमीटरवरच काम केले आहे. घ्यावा काय?

उत्तर : आपल्याला दुसऱ्या चॅनलची चिंता अधिक वाटत असेल, परंतु भाव ठरवायचा तो पहिल्या चॅनलच्या अंधुक रेघेवरून, कारण जुन्या सीआरओतील इतर बहुतेक भाग बदलता येतात, चित्रनळी मात्र थकली की तिला उपाय नाही. पुढच्या पट्टीवर ‘कॅल’ लिहिलेली एक कडी असते आणि तिच्यावर बहुधा १ किलोहर्ट्‌झची चौरस लाट मिळते. ती लाट पहिल्या चॅनलला देऊन ब्राइटनेस हळूहळू वाढवावा. उजेड वाढताना लाट पुसट होऊन आकारानेही फुगत असेल, तर नळीला मिळणारा उच्च दाब (व्होल्टेज) कोसळतो आहे, आणि तो दोष दुरुस्त होण्याजोगा आहे. आकार जागच्या जागी राहून रेघ शेवटपर्यंत मंदच राहिली, तर नळीचे आयुष्य सरले असण्याचा संभव मोठा. अशा यंत्राला मी सुट्या भागांच्या भावापलीकडे पैसे देणार नाही.

दुसरा चॅनल पुष्कळदा मेलेला नसतोच. कोणता चॅनल दाखवायचा ते ठरवणारा मोड स्विच योग्य जागी आहे का, पोझिशनच्या नॉबने रेघ पडद्याबाहेर तर गेलेली नाही ना, हे आधी पाहावे. मग व्होल्ट-प्रति-घर आणि एसी-डीसी-ग्राउंड हे स्विच वीस-पंचवीस वेळा मागे-पुढे फिरवावे. वर्षानुवर्षे प्रयोगशाळेच्या कपाटात पडून असलेल्या स्विचचे संपर्क काळवंडतात. त्यांवर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा, रॉकेल नव्हे. एवढ्यावर भागले नाही, तरी दोन्ही चॅनलची सर्किटे जवळजवळ सारखीच असतात, म्हणून चालू चॅनलवरचे व्होल्टेज लिहून घेऊन बंद चॅनलवर त्याच ठिकाणी मोजत गेले की आपल्या मल्टिमीटरनेही दोष कोठे आहे ते कळते.

घरी आणल्यावर मात्र थेट प्लग लावू नये. मागचा व्होल्टेज सिलेक्टर २३० किंवा २४० वर आहे याची खात्री करावी, झाकण काढून आत पाहावे (आपल्याकडे पाल नाही तर मुंग्यांचे वारूळ हमखास सापडते), आणि पहिल्यांदा १०० वॅटच्या फिलामेंट बल्बच्या सिरीजमधून वीज द्यावी. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. त्यानंतर सर्वांत आधी पॉवर सप्लायचे लहान दाब आणि त्यांतील रिपल (डीसीत उरलेली एसीची लहर) तपासावा. फिल्टर कॅपॅसिटर बदलावे लागले, तर १०५ अंश तापमान सोसणारे घ्यावेत. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या दुकानात ८५ अंशांचे लवकर सुकतात. नळीच्या बाजूस सुमारे २००० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात, म्हणून तेथे हात घालण्याची घाई नको.

आतील प्रीसेटना (एकदा जुळवून ठेवलेल्या लहान फिरत्या स्क्रूंना) हात लावू नये. माझ्या पहिल्या सीआरओत मी ‘जरा नीट करू’ म्हणून खुणा न करता पाच-सहा प्रीसेट फिरवले. मूळ दोष निघाला एका ड्राय सोल्डरचा (कच्च्या डागाचा), तो दहा मिनिटांत गेला, आणि फिरवलेले प्रीसेट जागेवर आणायला दोन महिने लागले.

राहिले स्टार्टर. प्रोबची (सीआरओला लावायच्या मोजणीच्या तारेची) ग्राउंडची चिमटी आतून सीआरओच्या पत्र्याला आणि प्लगच्या अर्थिंगला जोडलेली असते. ती फेजला लावली की थेट शॉर्ट होतो. त्यावर काही कारागीर अर्थिंगची पिनच कापतात, तेव्हा सीआरओचा संपूर्ण पत्रा फेजच्या दाबावर येतो आणि नॉब धरणारा हात आपला असतो. शिवाय ४१५ व्होल्टच्या लाटेचे शिखर ५८७ व्होल्टपर्यंत जाते, तर अशा अनेक सीआरओंच्या इनपुटची मर्यादा ४०० व्होल्टच असते. स्टार्टरला मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर पुरतात. सीआरओ अ‍ॅम्प्लिफायरसाठी आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीकडील सर्किटसाठी ठेवावा, आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की दुकानाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्यास बादलीभर पाणी टाकावे.